वाडीच्या मुक्कामातून

दत्तात्रेया, तुझा दिनक्रम आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असतो. पहाटेचं स्नान काशीला, दुपारची भिक्षा कोल्हापुरात आणि रात्रीची निद्रा माहूरगडावर. विठोबाचं पंढरपूर आहे, अंबाबाईचं करवीर आहे, जोतिबाचा डोंगर आहे. तुझी मात्र झोळी, गाय, चार कुत्री आणि पायाखालची वाट. कोल्हापुरात तुझं भिक्षेचं ठिकाण म्हणून लोक जिथं हात जोडतात, तिथंही तू मालक म्हणून येत नाहीस, मागणारा म्हणून येतोस. रोज कुणाच्या तरी दारात उभा राहतोस आणि आतून कोण काय घेऊन येतं याची वाट बघतोस.

म्हणून हे मागणं तुझ्यापुढे ठेवते. दिवेलागणीला परक्या गावात हातात पिशवी घेऊन उभं राहिलं की पोटात काय होतं, हे तुला वेगळं सांगायला नको.

महाराज, आज मी तुझ्या नरसोबाच्या वाडीत आहे. शेजारती झाली, देवळाकडची गर्दी पांगली, पेढ्यांची दुकानं फळ्या लावून बंद झाली. कृष्णा फुगली आहे. घाटाच्या खालच्या पायऱ्या संध्याकाळीच गढूळ पाण्याखाली गेल्या होत्या आणि लोक एकमेकांना विचारत होते, उद्या दक्षिणद्वार होईल का? नदी उत्तरेकडून तुझ्या देवळात शिरून, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडली की त्या पाण्यात बुडी मारायला माणसं रात्रीअपरात्री धावत येतात. देवळात पाणी शिरलं म्हणून इथं कुणी रडत नाही. नदीसुद्धा आलेली पाहुणी आहे, तिला देवाच्या पायांवरून जाऊ द्यायचं, असंच या गावानं ठरवून टाकलं आहे. आणि पाणी फारच चढलं तर तुझी उत्सवमूर्ती उचलून नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. म्हणजे स्वतःच्या गावात, स्वतःच्या देवळाशेजारी तुलाही दुसऱ्याकडे उतरावं लागतं. हे ऐकल्यापासून मला तू फार जवळचा वाटतोस.

मी उतरले आहे ते घर घाटाच्या वरच्या अंगाला आहे. दगडी जोतं, जाड मातीच्या भिंती, ओसरीला सागवानी खांब. माडीवर जायचा जिना भिंतीच्या पोटात आहे, अरुंद आणि अंधारा, आणि धरायला वरून एक दोर सोडला आहे. तो दोर हाताला काथ्यासारखा टोचत नाही. इतके हात त्यावरून गेले आहेत की तो गुळगुळीत होऊन काळा पडला आहे. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या, कडेवर पोर घेतलेल्या लेकी, नवस फेडायला आलेले, पारायणाला बसलेले, मूल होत नाही म्हणून आलेले, मूल गेलं म्हणून आलेले, सगळ्यांनी तोच दोर धरून वर चढायचं. मीही चढले. दत्तगुरू, त्या दोराला ज्यांचे ज्यांचे हात लागले त्यांचं बरं कर. कित्येक जण आता नसतील. त्यांच्या नावानं आज कुणी दिवा लावणारं नसेल, तर हा लाव असं समज.

माडीवर मला एक सतरंजी, एक चादर, पाण्याचा तांब्या आणि खिडकीजवळची जागा मिळाली. पलीकडच्या खोलीत निपाणीकडचं एक कुटुंब आहे. त्यांचं बाळ मघाशी रडत होतं, आता निजलं आहे. खालच्या ओसरीवर भिंतीला हळदी रंगाच्या रेघा आहेत. सर्वांत वरची २०१९ ची, तिच्याखाली २०२१ आणि २००५. मी उभी राहिले तर २०१९ ची रेघ माझ्या डोक्याच्या वर जाते. त्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यानं वेढली, आणि पिढ्यान्‌पिढ्या परक्यांना अंथरूण घालणारी ही माणसं स्वतः बोचकी घेऊन दुसऱ्यांच्या दारात गेली. शाळांच्या वर्गांत, मंगल कार्यालयांत, ओळख ना पाळख अशा माणसांच्या घरांत झोपली. घरच्या आजींनी मला ते सांगितलं तेव्हा त्यांच्या बोलण्यात पुराबद्दल राग नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, "आम्हाला कुणी नाव विचारलं नाही हो. आधी चहा दिला."

त्या चहा देणाऱ्यांचं भलं कर, देवा. ते कोण होते हे आजींनाही ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे.

काल संध्याकाळी कोल्हापूरच्या अलीकडच्या एका शहरात मी एका लॉजच्या काउंटरपुढे उभी होते. बाहेर पाऊस लागला होता. काउंटरवरचा मुलगा माझ्या मुलाहूनही लहान असेल. तो मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, एकट्या लेडीजना आम्ही रूम देत नाही. मालकांचा नियम आहे." मी वय सांगितलं, ओळखपत्र पुढे केलं, घरच्यांशी फोनवर बोला म्हटलं. त्यानं किल्ल्यांच्या फळीकडे एकदा बघितलं. किल्ल्या होत्या. रात्र मी स्टँडवर बायकांच्या बाकावर काढली. काही वाईट घडलं नाही, पण नाही म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांतून आपण कसे पुसले जातो ते कळलं. आणि आज इथं आले, ओसरीशी घुटमळले, तर आतून आवाज आला, "दारात काय उभ्या हो? आत या, पाय धुवा. नाव-गाव मग बघू." ताटात पिठलं-भात, वर कच्चं तेल, बाजूला वाटीत बसुंदी. बसुंदी कशाला म्हणाले तर, "वाडीला येऊन बसुंदी न खाता जायचं नसतं."

दत्तात्रेया, त्या आजींना उदंड आयुष्य दे असं मी मागत नाही. त्यांनी पुष्कळ पाहिलं आहे. त्यांचे गुडघे दुखतात, तेवढे कमी कर. आणि त्यांच्यामागे या घराचं दार उघडं ठेवणारं कुणी दे. सून करते सगळं, पण नातू पुण्याला आहे आणि माडी पाडून वर स्लॅब टाकून 'अटॅच्ड' खोल्या काढाव्यात असं त्याचं म्हणणं आहे. त्याचंही चुकत नाही. लोकांना न्हाणीघर शेजारी लागतं, दोर धरून चढायला आता कुणी तयार नसतं. भिंती बदलल्या तरी चालेल, महाराज. "नाव-गाव मग बघू" हे वाक्य तेवढं त्या नव्या खोल्यांनाही शिकव.

तुझ्याच अवताराची गोष्ट तुला सांगते, रागावू नकोस. नृसिंहसरस्वती होऊन तू इथं बारा वर्षं राहिलास. एके दिवशी नदीपलीकडे अमरापुरात एका गरीब ब्राह्मणाच्या घरी भिक्षेला गेलास. घरात दाणा नव्हता. दारात घेवड्याचा वेल होता. ज्या दिवशी काहीच मिळत नसे त्या दिवशी ती माणसं त्याच्या शेंगा खाऊन निजत. त्याच शेंगा त्यांनी तुला वाढल्या. तू जेवलास, आणि निघताना तो वेल मुळापासून तोडून टाकलास. घरातली बाई रडली. पुढे त्या वेलाचं मूळ खणताना धनाचा हंडा निघाला, हे गुरुचरित्रात आहे आणि कीर्तनकार तिथंच टाळ्या घेतात. माझं मन हंड्यापाशी जात नाही. शेंगा वाढून झाल्या होत्या, वेल तुटून पडला होता आणि हंडा अजून निघायचा होता, त्या मधल्या वेळात ते घर काय होतं? उद्याचं जेवण पाहुण्याला घालून मोकळं झालेलं घर होतं. ज्यांना हंडा सापडत नाही अशी घरं या जिल्ह्यात किती आहेत ते तू रोज दुपारी झोळी घेऊन फिरताना बघतोसच. आषाढात दिंडीला भाकरी देणारी, जोतिबाच्या वाटेवरच्या सासनकाठ्यांना सावली देणारी, ऊसतोडीच्या टोळ्यांना अंगणात पालं ठोकू देणारी. त्यांच्या अंगणाखाली काही पुरलेलं नसतं. त्यांचा वेल मात्र तोडू नकोस.

आता जे सांगायचं ते जड आहे.

जेवणानंतर आजींनी एक वही दाखवली. लाल कापडात बांधलेली, पानांच्या कडा पुराच्या पाण्यानं तपकिरी झालेली. या घरी उतरलेल्यांची नोंद. कुणा आजे-सासऱ्यांच्या हातचे रकाने आखलेले: नाव, गाव, जात, माणसे किती. मिरज, सांगली, बेळगाव, गडहिंग्लज, मुधोळ. जातीचा रकाना पानामागून पान भरलेला. आणि त्यात अमुक जाती आहेत नि अमुक जाती नाहीतच, हे कळायला मोठं शिक्षण लागत नाही. जे त्या वहीत नाहीत ते वाडीला आलेच नसतील का? आले असतील. तुझ्या पादुकांची ओढ रकाना बघून थोडीच लागते? ते घाटाच्या टोकाला, झाडाखाली, कुठंतरी लांब बसून राहिले असतील आणि उजाडायच्या आत उठून गेले असतील. त्यांची वही कुणी ठेवली नाही. देवा, ती तुझ्याकडे असू दे.

बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर आले तेव्हा त्या एवढ्या शहरात त्यांना उतरायला जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. कळलं तेव्हा लाठ्या घेऊन माणसं दारात आली. बाहेर पडून ते ओळखीच्यांकडे गेले, तिथंही दार उघडलं नाही. शेवटी गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस, संस्थानाच्या नोकरीतला माणूस, बागेत. दत्तगुरू, त्या संध्याकाळी तू माहूरला निजायला जाण्याआधी बडोद्यावरून गेला असशील का? गेला असशील तर त्या बागेत थांबला होतास ना? मला हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

आणि याच मातीत, तुझ्या भिक्षेच्या गावात, एका राजानं कागदावर सही केली. १९१९ साली शाहू महाराजांनी हुकूम काढला की सार्वजनिक इमारती, धर्मशाळा, विहिरी, नदीचे पाणवठे, दवाखाने, शाळा कुठंही शिवाशीव मानायची नाही, आणि गावात तसं झालं तर पाटील-तलाठ्याला जबाबदार धरायचं. त्या यादीत धर्मशाळा होती, हे माझ्या मनातून जात नाही. राज्य चालवणाऱ्या माणसाला रात्रीच्या निवाऱ्याची आठवण राहिली. त्यांच्याच पागेत नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळ्यांना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली होती. त्यांनी पुढे भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार म्हणून लोक पुढून निघून जात. तर महाराज गाडी थांबवून तिथं चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही प्यायला लावायचे. ते महाराज गेल्यावर १९२५ साली नर्सरी बागेत त्यांचं पहिलं स्मारक उभं केलं ते याच गंगारामांनी, आपल्या माणसांच्या वर्गणीतून. ते दोघेही आता तुझ्याकडे आहेत. मला वाटतं, तिथंही एकानं चहा केला असेल आणि दुसऱ्यानं सर्वांदेखत मागून घेतला असेल.

कोल्हापूरची बोर्डिंगंही त्याच ओढीतून उभी राहिली. १९०१ ला मराठ्यांचं आणि जैनांचं, मग मुसलमान मुलांचं, लिंगायतांचं, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. खेड्यातलं पोर शहरात शिकायला आलं की त्याला डोकं टेकायला जागा हवी, बाकी सगळं मागाहून, हे त्या राजाला कळलं होतं. त्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आलेला कुंभोजचा एक मुलगा परत आल्यावर अंघोळ करायला तयार झाला नाही, म्हणून तो राहत होता त्या बोर्डिंगातून त्याला बाहेर काढलं. भाऊराव पाटील त्याचं नाव. रात्रीचं छप्पर गेलेल्या त्या पोरानं पुढं साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीला बसवलं. घरात धान्य संपलं तेव्हा त्याची बायको लक्ष्मीबाई हिनं अंगावरचे दागिने एकेक करून दिले, शेवटी मंगळसूत्रही, आणि मुलं जेवली. घेवड्याच्या वेलाचा अठरावा अध्याय आम्ही दर गुरुवारी वाचतो, महाराज. लक्ष्मीबाईंचा कुठल्या पोथीत घालू?

त्या वहीचं मात्र अजून सांगायचं राहिलं. मध्यावरच्या एका पानापासून जातीचा रकाना आखलेला आहे पण कोरा आहे. शाई तीच, नावं-गावं तशीच, माणसांची संख्या तशीच, तेवढी एक पट्टी पांढरी. आणखी काही पानांनी रकानाच आखायचा बंद झाला. मी आजींना विचारलं. त्या चष्मा वर करून बघत म्हणाल्या, "सासूबाईंनी सोडून दिलं लिहायचं. लिहिणं त्यांच्याकडे होतं ना." का सोडलं? "कुणास ठाऊक. बोलायच्या नाहीत फारशा." कुणी काही म्हटलं नाही? "म्हटलं असंल. त्यांना कमी ऐकू यायचं."

दत्ता, त्या बाईची गाठ घालून दे रे कधीतरी. हुकूम काढायची सत्ता तिच्या हातात नव्हती. नवऱ्याच्या घरात, देवळाच्या सावलीत, सोवळ्याओवळ्याच्या ऐन मध्यात, तिच्या हातात एक टाक होता आणि तो तिनं एका रकान्यापाशी उचलून धरला. तिच्या मनात त्या दिवशी काय आलं? कोण दारात उभं होतं? कुणाचा चेहरा बघून तिचा हात थांबला? तिला लिहिता-वाचता येत होतं म्हणून हे घडलं, हेही मला फार मोठं वाटतं. तिच्या आत्म्याला शांती वगैरे मी मागत नाही, ती तिनं मिळवलेलीच आहे. तिच्या हाताचा थोडा अंश मला दे.

कारण मला तो हवा आहे. काउंटरवरच्या त्या मुलासाठीही हवा आहे. त्याला नोकरी टिकवायची आहे, घरी आई असेल, मालकाचा नियम त्यानं केलेला नाही. पण किल्ल्यांच्या फळीकडे त्याची नजर गेली होती, देवा, ती मी बघितली. त्या नजरेला पुढच्या वेळी थोडं बळ दे. मालकाला फोन लावून "साहेब, बाई एकट्या आहेत आणि पाऊस आहे, देतो खोली," एवढं म्हणायचं धैर्य त्याच्या जिभेवर ठेव. आणि त्या मालकाला, त्याची लेक कधी परगावी अडकेल तेव्हा, कुणीतरी नाव न विचारता आत घेणारं भेटू दे.

ज्यांना आडनाव सांगितल्यावर "खोल्या फुल्ल आहेत" असं ऐकावं लागतं, ज्यांनी नाव मोबाइलवर पाठवलं आणि मग घरमालकाचं उत्तरच आलं नाही, त्यांच्याजवळ आज रात्री बस. मोठ्या दवाखान्याच्या आवारात पेशंटचे डबे उशाला घेऊन झोपलेल्या माणसांजवळ बस. कोकणातून घाट चढून, सीमेपलीकडून, चंदगड-गडहिंग्लजकडून ती येतात. आतल्या खाटेवरचं माणूस बरं होऊ दे आणि बाहेर फरशीवर झोपलेल्यालाही डोळा लागू दे. वाडीच्या वरच्या अंगाला, धरणांच्या पाण्याकडे डोळे लावून जागणाऱ्या गावांना आज रात्री सामान माळ्यावर चढवायची पाळी आणू नकोस. आणलीस तर आधी चहा देणारी माणसं पाठव.

पलीकडच्या खोलीतल्या बाळाला खोकला आहे. तो पहाटेपर्यंत उतरू दे. काकड आरतीला त्याची आई जाऊ म्हणत होती.

आणि माझं स्वतःचं एक मागणं आहे, तेच खरं तर मघापासून मनात आहे. येत्या रविवारी पुण्याला आमच्या सोसायटीची सभा आहे. विषयपत्रिकेवर चौथा विषय आहे: अविवाहित मुलंमुली आणि 'इतर समाजाचे' भाडेकरू ठेवू नयेत, असा ठराव. त्यातलं 'इतर' म्हणजे कोण हे लिहिलेलं नाही, सगळ्यांना कळतं. मांडणारे वाईट लोक नाहीत. गणपतीत ते सगळ्यांच्या घरी प्रसाद पोचवतात, माझ्या आजारपणात त्यांनीच गाडी काढली होती. म्हणूनच मला त्यांच्यासमोर उभं राहून बोलणं अवघड जाणार आहे. सभा सुरू झाली की मला खुर्चीवरून उठव. आवाज चढू देऊ नकोस, पण अडखळूही देऊ नकोस. मतदानाला हात विरोधात वर जाईल तेव्हा शेजारी कोण बघतंय इकडे माझं लक्ष जाऊ देऊ नकोस. सभेच्या इतिवृत्तात माझा विरोध नोंदवून घ्या, हे वाक्य मी आत्तापासून म्हणून बघते आहे.

तिसऱ्या मजल्यावरची ती खोली ज्या दोघी मुलींनी बघितली, त्यातली एक कागलची आहे, दुसरी मिरजेची, तिचं नाव शबनम आहे. एक तारखेला दोघींच्या नोकऱ्या सुरू होतात आणि त्यांचं सामान सध्या एका मैत्रिणीच्या व्हरांड्यात पडलं आहे. एक तारखेच्या आत ती खोली त्यांना मिळू दे.